बारा पौर्णिमा, एक घाट

हे पुस्तक कार्तिकापासून सुरू होते. जानेवारी नको, हे वाचकाला चटकन पटेल. पण मराठी पुस्तकाने पाडवाही सोडला की जाब विचारला जाणारच. कारण अगदी व्यावहारिक आहे. काशीत आकाश बघायला बसण्याची सोय कार्तिकात होते. आषाढ-श्रावणात गंगेने पोटात घेतलेल्या घाटांच्या पायऱ्या तोवर वर आलेल्या असतात, त्यांवरचा गाळ पाण्याच्या झोताने धुऊन झालेला असतो, समोरच्या काठाची रेती उघडी पडलेली असते आणि थंडी अजून शालीपुरतीच असते. दिवाळीच्या फटाक्यांचा धूर काही दिवस रेंगाळतो, तेवढा सोडायचा. पौषात धुके उतरले की कित्येक रात्री समोरची नावदेखील दिसत नाही. तेव्हा कार्तिक आणि मार्गशीर्ष हा काशीच्या आकाशाचा खरा हंगाम. नवशिक्याने हंगामातच यावे.

आता जागेविषयी. गंगा काशीत उत्तरवाहिनी आहे, हे इथे आलेल्या प्रत्येक यात्रेकरूला पंड्याने सांगितलेले असते. त्यातले पुण्य ज्याचे त्याने मोजावे. आकाश बघणाऱ्याला त्यातून मोठी सवलत मिळते. नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे जाते, जुने शहर सगळे पश्चिम काठावर चढून बसले आहे, घाटांची तोंडे पूर्वेला आहेत आणि समोरचा काठ पुराच्या पाण्याचा असल्यामुळे तिथे वस्ती नाही. वाळू, तिच्यामागे झाडांची बुटकी रेघ आणि त्यावर सगळे आकाश. एवढ्या दाटीच्या शहरात, ऐन वस्तीत बसून, पूर्वेचे क्षितिज असे मोकळे मिळते. मुंबईकराला समुद्र आहे, पण तो पश्चिमेला. त्याच्या वाट्याला मावळते तारे येतात. पुणेकराला उगवते तारे हवे असतील तर त्याने एखादा गड चढावा. काशीकराने फक्त पायरीवर बसायचे.

म्हणून या पुस्तकाची रीत एकच ठेवली आहे. एक घाट, एक वेळ, आणि तोंड पूर्वेला. घाट पंचगंगेचा धरला आहे, वेळ रात्री आठची. प्रत्येक तारा रोज सुमारे चार मिनिटे आधी उगवतो, म्हणजे महिन्याला दोन तास. आज आठला रेतीवर टेकलेला तारा पुढच्या महिन्यात त्याच वेळी बराच वर चढलेला असतो आणि त्याच्या जागी नवी मंडळी आलेली असतात. आपण जागचे हलायचे नाही. वर्षभरात सगळे आकाश समोरून एकेक करून वर येते. नकाशा डोक्यावर उलटा धरून चारी दिशांना माना वळवण्यापेक्षा हे सोपे आहे, आणि शिकलेले विसरत नाही. पंचगंगा निवडण्यात थोडा पक्षपातही आहे. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा, रामघाट हा काशीतल्या मराठी माणसांचा जुना पट्टा. पण दुसरे कारण जास्त सबळ आहे: दशाश्वमेधावर (हा घाट पेशव्यांनी बांधून काढलेला, तरी) आरतीचे प्रखर दिवे असतात आणि डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात.

महिने कोणते धरायचे, हा प्रश्न मात्र वाटतो तेवढा सोपा नाही. काशीतल्या मराठी घरात दोन पंचांगे असतात आणि दोन्ही बरोबर असतात. आपला महिना अमावास्येला संपतो, इथला पौर्णिमेला. त्यामुळे शुक्ल पक्षात दोघांचे जमते आणि वद्य पक्ष लागला की शेजारीण एक महिना पुढे गेलेली असते. आपली महाशिवरात्र माघ वद्य चतुर्दशीला, तिची फाल्गुन कृष्ण चतुर्दशीला. रात्र तीच, विश्वनाथाच्या दारातली रांगही तीच. आपला पितृपक्ष भाद्रपदातला, त्यांचा आश्विनातला. या गोंधळातून सुटायचे तर पौर्णिमा धरावी, कारण पौर्णिमेचे नाव दोन्ही पंचांगांत एकच असते. शिवाय आकाशाला तीच जवळची. चैत्री पौर्णिमेचा चंद्र चित्रेच्या आसपास असतो, कार्तिकी पौर्णिमेचा कृत्तिकांच्या, मार्गशीर्षातला मृगाच्या. ज्याला बारा पौर्णिमा संध्याकाळी रेतीवर उगवताना बघता आल्या, त्याला नक्षत्रांची अर्धी वाट ठाऊक झाली.

पण इथेही एक खोच आहे. तारे सूर्याचे वेळापत्रक पाळतात, तिथी चंद्राचे. एका वर्षीची कार्तिकी पौर्णिमा नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात येते, दुसऱ्या वर्षी महिनाअखेरीस. २०२३ साली श्रावण अधिक होता, २०२६ साली ज्येष्ठ अधिक. अशा वर्षी पुढचे सगळे महिने सरकतात. तारे मात्र आपल्या इंग्रजी तारखेला हजर असतात. म्हणून प्रत्येक प्रकरणाला शीर्षक मराठी महिन्याचे असले तरी ताऱ्यांच्या उगवण्याच्या वेळा इंग्रजी तारखांनी दिल्या आहेत आणि चंद्राच्या गोष्टी तिथींनी. हे दुहेरी खाते काहींना किचकट वाटेल. एकेरी करून पाहिले, तर कुठेतरी खोटे बोलावे लागते.

महाराष्ट्रातून पुस्तक घेऊन येणाऱ्यांसाठी आणखी दोन सूचना. काशी ८३ रेखांशावर आहे, पुणे ७४ च्या किंचित अलीकडे. घड्याळ दोघांचे एकच, पण तारे काशीत पस्तीस-चाळीस मिनिटे आधी उगवतात. भारताची प्रमाणवेळ ज्या साडेब्याऐंशी रेखांशाची, तो इथून जवळच, मिर्झापूरच्या बाजूने जातो. त्यामुळे काशीची स्थानिक वेळ आणि मनगटावरचे घड्याळ यांत दोनच मिनिटांचा फरक. सूर्यघड्याळ वाचायला याहून सोयीचे शहर मिळणे कठीण, आणि इथल्या एका छतावर ते आहेही. त्याकडे पुढे येऊ.

दुसरी सूचना अक्षांशाची, आणि इथे मला जरा रेंगाळायचे आहे. काशी २५ अंश १८ कलांवर, म्हणजे कर्कवृत्ताच्या उत्तरेला. पुण्या-मुंबईत मेमध्ये आणि जुलैच्या उत्तरार्धात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि शाळांतून शून्य सावलीचा दिवस साजरा होतो. काशीतल्या मुलाला ही मजा नाही. २१ जूनच्या दुपारीही एक मीटर काठीची सव्वातीन सेंटिमीटर सावली उत्तरेला उरतेच. त्याची भरपाई कृत्तिका करतात. पुण्यात त्या डोक्याच्या बऱ्याच उत्तरेने जातात. काशीत नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मध्यरात्री त्या जवळजवळ थेट माथ्यावर असतात, जेमतेम एका अंशाचा फरक. ध्रुव इथे पुण्यापेक्षा सात अंशांनी उंच, सप्तर्षी अधिक ठसठशीत. आणि दक्षिणेचे तारे तेवढेच खाली. मेच्या संध्याकाळी पुण्याजवळच्या टेकडीवरून त्रिशंकू पूर्ण दिसतो; काशीत त्याचा वरचा तारा साडेसात अंशांवर येतो आणि खालचा दीड अंशावर, म्हणजे धुळीत. त्रिशंकू दाखवा असा हट्ट इथे कुणी धरू नये.

अगस्त्य मात्र दिसतो, आणि तो काशीतूनच बघावा. कथा सर्वांना ठाऊक आहे: विंध्य वाढत चालला, सूर्याची वाट अडली, देव काशीत अगस्त्याकडे आले. त्याला काशी सोडवत नव्हती. तरी तो लोपामुद्रेला घेऊन निघाला, विंध्याला वाकवले, परत येईपर्यंत असाच राहा म्हणाला आणि परत आला नाही. काशीखंडात तो पुढे कोल्हापूरच्या महालक्ष्मीपर्यंत पोचतो. गोदौलियाजवळ अगस्त्यकुंड नावाचा मोहल्ला आजही आहे. आता हा तारा काय करतो पाहा. काशीत तो दक्षिण क्षितिजापासून फक्त बारा अंश वर येतो. हात लांब करून मूठ धरली की दहा अंश, तेव्हा मुठीपेक्षा थोडे अधिक. जेमतेम सात तास वर राहतो. पुण्यात तो १९ अंश चढतो, कोल्हापुरात २० च्या वर जातो आणि नऊ तासांच्या आसपास मुक्काम करतो, कन्याकुमारीला २९ अंश. विंध्य ओलांडून दक्षिणेकडे जावे तसा तो उंच होत जातो. कथा रचणाऱ्यांनी हा प्रवास पायी केला असणार. बसल्या जागी हे सुचत नाही. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात, धुके हटले असेल तर, रात्री नऊच्या सुमारास पंचगंगेच्या पायऱ्यांवरून सरळ दक्षिणेला, साधारण रामनगरच्या किल्ल्याच्या दिशेला, तो सापडतो. व्याध डोक्याकडे चढलेला असतो. त्याच्या खाली, बरेच खाली, तेवढाच एक ठळक तारा. पावसाळ्याच्या शेवटी तो पहाटे पहिल्यांदा दिसतो, तेव्हा पाणी निवळते असे आपले जुने लोक सांगत. त्याचा हा पहाटेचा उदय कोल्हापूरकरांना आधी दिसतो, काशीकरांना मागाहून.

काशीत आकाशाचे शास्त्र सांगणारी मराठी घराणी तीन-चार शतके होती, हे वाचकांना नवे नसावे. पण ती काय बघत होती, याकडे कमी लक्ष गेले आहे. धागा कोकणातून निघतो. नांदगावच्या केशव दैवज्ञांनी स्वतः वेध घेतले आणि ग्रंथांतले गणित आकाशाशी जुळत नाही असे नोंदवून ठेवले. त्यांचा मुलगा गणेश. त्याचा १५२० चा ‘ग्रहलाघव’ पुढे देशभर पंचांगकर्त्यांच्या हाती गेला. गणेश दैवज्ञांचे शिष्य गोदाकाठच्या गोळग्रामचे दिवाकर; त्यांच्या घराण्यातली मंडळी काशीत येऊन राहिली. त्याच घराण्यातल्या कमलाकराने १६५८ साली काशीत ‘सिद्धान्ततत्त्वविवेक’ पुरा केला. त्याचा प्रतिस्पर्धी मुनीश्वर, मूळ विदर्भातल्या घराण्यातला. दोघे एकाच शहरात, दोघे मराठी, आणि दोन्ही घराण्यांतून एकमेकांच्या खंडनाचे ग्रंथ निघालेले. हा वाद वाचताना काही वेळा वाटते की एका रात्री दोघांनी गच्चीवर यायला हवे होते. पण कमलाकराला त्याचे श्रेय द्यायला हवे: ध्रुव तारा अगदी स्थिर नाही, हे त्याने लिहिले. आज ध्रुव खऱ्या ध्रुवबिंदूपासून अंशाच्या दोन-तृतीयांशाहून कमी अंतरावर आहे. कमलाकराच्या काळी ते अंतर अडीच अंशांच्या आसपास होते, म्हणजे एका रेषेत पाच पूर्णचंद्र मावतील एवढे. नळी रोखून रात्रभर बसणाऱ्याला ते कळणार. कथेतला अढळपदावरचा बाळ हलतो असे काशीत बसून लिहायला धीर लागत असेल.

मानमंदिर घाटावरचा वाडा आमेरच्या मानसिंगाचा, सुमारे १६०० सालचा. त्याच्या छतावर अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात सवाई जयसिंगाने वेधशाळा उभारली. जयसिंगाच्या पदरी जगन्नाथ सम्राट हे महाराष्ट्रीय पंडित होते. त्यांनी अरबी शिकून टॉलेमीचा ग्रंथ संस्कृतात आणला आणि युक्लिडची भूमितीही. छतावर सम्राट यंत्र आहे, दक्षिणोत्तर भित्ती आहे, नाडीवलय, दिगंश आणि चक्र यंत्रे आहेत. इंग्रज सेनाधिकारी रॉबर्ट बार्कर याने या वेधशाळेचे वर्णन १७७७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ठेवले, तेव्हा युरोपात तिची चर्चा झाली. आज ती पुरातत्त्व खात्याकडे आहे आणि रात्री बंद असते. तरी या पुस्तकाच्या वाचकाने एका दुपारी तिथे जावेच. सम्राट यंत्राच्या तिरप्या भिंतीची चढण बरोबर काशीच्या अक्षांशाएवढी आहे. तिच्या पायथ्याशी उभे राहून वरच्या टोकाकडे नजर न्या. रात्री ध्रुव त्याच रेषेत असतो. एवढे डोळ्यांत भरले की अंधारात ध्रुव शोधायला सप्तर्षींची मदत लागत नाही.

माझ्या मते काशीतल्या मराठी ज्योतिषांत आपल्याला सर्वांत जवळचे बापूदेव शास्त्री. जन्म १८२१, शिक्षण नागपुरात आणि सिहोरला. १८४२ साली ते काशीच्या सरकारी संस्कृत कॉलेजात आले (आजचे संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालय) आणि हयातभर इथेच राहिले. त्यांनी सूर्यसिद्धान्ताचे इंग्रजी भाषांतर केले, भास्कराचार्यांचा ग्रंथ संपादला, मानमंदिरावर लिहिले. पण त्यांचे धाडस पंचांगाचे. १८७० च्या दशकात त्यांनी इंग्रजी नाविक पंचांगाच्या आधारे पंचांग काढायला सुरुवात केली. ग्रहण पंचांगात एका वेळी आणि आकाशात दुसऱ्या वेळी, हे चालायचे नाही. महाराष्ट्रात केरो लक्ष्मण छत्रे हेच सांगत होते आणि त्यांनाही विरोध पत्करावा लागला. वाद धर्माचा म्हणून लढला गेला. मुळात प्रश्न एवढाच होता की पुस्तक आणि आकाश यांत फरक पडला तर कोणाचे ऐकायचे.

पुढच्या पिढीतल्या शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी, मुरूडच्या या शिक्षकाने, या सगळ्या परंपरेचा इतिहास १८९६ साली ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या ग्रंथात लिहिला. पण मला त्यांचे ‘ज्योतिर्विलास’ जास्त प्रिय आहे. विद्वान माणसाने सामान्य वाचकासाठी, रात्री दोन घटका मौज म्हणून, मराठीत आकाश समजावून द्यावे! प्रस्तुत पुस्तकाचे गोत्र विचाराल तर ते तेच. पुण्यात १९४४ साली स्थापन झालेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेने पुढे हे काम गच्चीवर आणले.

नारळीकरांशिवाय काशीची ही यादी पुरी होणार नाही, पण त्यांच्याबद्दल थोडक्यातच लिहितो, कारण त्यांचे आकाश बहुतेक कागदावरचे होते. विष्णु वासुदेव नारळीकर केंब्रिजहून १९३२ साली बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक म्हणून आले. सापेक्षतेवर काम करायला प्रल्हाद चुनीलाल वैद्य १९४२ साली त्यांच्याकडे आले आणि प्रकाश ओतणाऱ्या ताऱ्याचे गुरुत्वक्षेत्र कसे असेल याचे उत्तर पुढच्याच वर्षी प्रसिद्ध केले. जगभर ते वैद्यांच्याच नावाने ओळखले जाते. कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर याच विद्यापीठाच्या आवारात वाढले, इथेच १९५७ साली पदवीधर झाले आणि मग केंब्रिजला गेले. त्यांच्या आत्मचरित्रातल्या चार नगरांपैकी पहिले हेच.

आता महिन्यांकडे. सगळे इथे सांगितले तर पुस्तक कशाला. काही जागा मात्र आधी दाखवून ठेवतो.

कार्तिकात पंचगंगेवर उंच बांबूंना टोपल्या टांगून त्यांत आकाशदीप लावतात, पितरांना वाट दिसावी म्हणून. त्या बांबूंच्या वर, मालवीय पुलाच्या दिशेने, कृत्तिका उगवतात. पौर्णिमेला देवदिवाळी. अहिल्याबाईंच्या नावाने ओळखला जाणारा दगडी हजारा दीपस्तंभ इथलाच. त्या रात्री ताऱ्यांची आशा सोडा, लाखो पणत्यांपुढे ते टिकत नाहीत. चंद्रोदय तेवढा चुकवू नका. २०२२ साली ८ नोव्हेंबरला याच पौर्णिमेला चंद्रग्रहण आले, देवदिवाळी एक दिवस आधी करावी लागली, आणि दुसऱ्या संध्याकाळी चंद्र ग्रासलेलाच रेतीतून वर आला. याला पंचांगात ग्रस्तोदय म्हणतात. असा ग्रस्तोदय बघायला पूर्वेचे क्षितिज किती खाली हवे, हे ज्यांच्यापुढे इमारती होत्या त्यांनी सांगावे.

मार्गशीर्षात, डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, अंधार पडता पडता मृग उगवतो. त्याच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण ठीक पूर्वेला वर येतो. कुठल्याही गावातून, कुठल्याही वर्षी. घाटाची खरी पूर्व कोणती, हे त्या दिवशी कायमचे ठरवून घ्या. १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुनेतला उल्कावर्षाव असतो, धुके पडायच्या आत मिळाला तर वर्षातला सर्वांत चांगला. पौषाचे प्रकरण मुद्दाम छोटे आहे. त्या महिन्यात मी वाचकाला घरात बसून नक्षत्रांची नावे पाठ करायला सांगितली आहेत. माघात अगस्त्य. फाल्गुनात होळीच्या धुराआड सिंह, आणि त्याच्या छातीशी मघा.

चैत्र-वैशाखात चित्रा आणि स्वाती. सप्तर्षींच्या शेपटीचा बाक पुढे वाढवला की आधी स्वाती, मग चित्रा. ही युक्ती जुनी आणि बिनचूक. पण एप्रिलपासून पछुआ वारे धूळ आणतात आणि पूर्व क्षितिजाचे पहिले दहा अंश निकामी होतात. ज्येष्ठात घाटापेक्षा छत बरे. पाणी शिंपडलेल्या छतावर गादी टाकून झोपण्याची बनारसी चाल अजून पूर्ण गेलेली नाही, आणि आडवे पडून वृश्चिक बघण्यासारखे सुख नाही. पुण्यात ज्येष्ठा ४५ अंशांवर येते, इथे ३८ वर. वाकडी नांगी मात्र इथेही पूर्ण दिसते.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यानंतर मान्सून, आणि तीन महिने अभिजित, श्रवण, हंस यांचा त्रिकोण ढगांच्या फटींतून. घाट पाण्याखाली, गंगेची आरती गच्चीवर. या महिन्यांत आकाशाकडून काही मागू नये. पण ते कधी देते. २२ जुलै २००९ ची सकाळ तशी. ऐन आषाढी अमावास्या, खग्रास सूर्यग्रहण. पाटण्याजवळच्या तारेगनाला शास्त्रज्ञांची गर्दी होती, तिथे ढगांनी घात केला. काशीत साडेसहाच्या आत सूर्य घाटासमोर पूर्ण झाकला गेला आणि सुमारे तीन मिनिटे झाकलेला राहिला. त्याआधी २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाची छाया विजयदुर्गावर किनाऱ्याला लागली, सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरवरून विदर्भातल्या तळणीकडे आणि तिथून काशीच्या पूर्वेला बक्सरपर्यंत गेली. विजयदुर्गाला इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर होते, जेऊरला पुण्याच्या वेधशाळेचे नायगमवाला. कोकणातून गंगाकाठी जाणारी ती वाट, गणेश दैवज्ञांच्या शिष्यांनी धरली तीच जवळजवळ.

भाद्रपद-आश्विनासाठी नाव करून पलीकडे रामनगरला जावे. अनंत चतुर्दशीला सुरू होणारी इथली रामलीला महिनाभर चालते, आणि तिच्यात विजेचे दिवे नाहीत, ध्वनिक्षेपक नाहीत. पेट्रोमॅक्स आणि मशाली. पहिल्या रात्री चंद्र जवळजवळ पूर्ण, शेवटी कोजागरीला पुन्हा पूर्ण. मधला पितृपक्ष काळोखा. म्हणजे एका लीलेत चंद्राची पूर्ण फेरी. सुरुवातीच्या रात्री चंद्र किती उशिरा उगवतो, याची नोंद ठेवा. सरासरी रोज पन्नास मिनिटांचा उशीर असायला हवा, पण या दिवसांत तो त्याहून कमी भरतो. का, ते आश्विनाच्या प्रकरणात चित्र काढून सांगितले आहे. वनवास चालू असताना डोक्यावर भाद्रपदांचा चौकोन असतो आणि त्याच्या कोपऱ्यातून निघालेल्या रांगेत देवयानीची दीर्घिका, डोळ्यांना अंधुक ठिपका, पंचवीस लाख प्रकाशवर्षांवर.

ग्रहांची स्थाने पुस्तकात नाहीत. शनी राशी बदलायला अडीच वर्षे घेतो, गुरू एक. गुरू सिंहेत आला की नाशिकला सिंहस्थ, एवढे मराठी वाचकाला सांगायला नको. ग्रह दरवर्षी हलतात, त्यासाठी त्या वर्षीचे पंचांग बघावे. भविष्य तर नाहीच. काशीत या विषयावर पुस्तक लिहितो आहे म्हटल्यावर लोक हात पुढे करतात, म्हणून हे आधीच लिहून टाकले.

साधने फारशी लागत नाहीत. ७ बाय ५० ची दुर्बीण पुरे. दहा पटीची हातात थरथरते. विजेरीवर लाल कागद. थंडीच्या महिन्यांत मल्लाहाशी आधी ठरवून रेतीवर जाता येते, बनारसी माणूस ज्याला बहरी अलंग म्हणतो ती हीच चाल, फक्त रात्रीची. परतीची वेळ मात्र त्याच्याशी आधीच पक्की करा; नाव रिकामी परत गेली तर पहाटेपर्यंत वृश्चिकाची वाट बघत बसावे लागेल, आणि कार्तिकात तो दिसायचा नाही.

पहिली बैठक कार्तिक वद्य षष्ठीला किंवा त्यानंतर अमावास्येपर्यंत कधीही करा. त्या दिवसांत आठच्या वेळेला चंद्राचा अडथळा नसतो आणि कृत्तिका चांगल्या वर आलेल्या असतात. काशीत उतरून इथले हिंदी पंचांग विकत घेतलेत, तर हीच तिथी तुम्हाला मार्गशीर्षाच्या, म्हणजे इथल्या अगहनच्या, पानावर शोधावी लागेल.